भारा उचलताना आलेली चक्कर

११ ऑक्टोबर. नदीकडच्या खाचरातलं भात कापायचं होतं.

सकाळी सातला आम्ही आठ जणी खाचरात उतरलो. आमच्या वाडीत अजून सावड चालते. आज सगळ्या जणी माझ्या शेतात, उद्या शेजारणीच्या, परवा तिसरीच्या. मजुरी कोणी कोणाला देत नाही. मात्र जी आपला दिवस चुकवते तिच्या शेतात पुढच्या वर्षी कोणी फिरकत नाही, त्यामुळे ताप असला तरी बाई येते आणि कंबर धरली असली तरी येते. या पद्धतीचं लोक बाहेरून फार कौतुक करतात. मीही केलेलं आहे.

माझी धाकटी जाऊ माझ्या डाव्या हाताला कापत होती. तिचं वय बेचाळीस, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. तिचा नवरा आणि माझा नवरा, दोघेही मुंबईला नोकरीला. घरात सासूबाई, मी आणि ती. शेत, गुरं, काजूची झाडं, सगळं आम्ही दोघी बघतो. जाऊ हाताला चलाख. माझ्या दोन ओळी होईपर्यंत तिच्या तीन होतात. त्या दिवशी ती माझ्या मागे राहिली होती. मी दोनदा वळून म्हटलं, आटप गो, ऊन वर येतंय.

दहाच्या सुमारास भारे बांधून खळ्यावर न्यायला सुरुवात केली. ती खाली वाकली, भारा डोक्यावर घेतला, उभी राहिली, बांधावर चढली. चौथ्या पावलाला थांबली. भारा आधी पडला, मग ती. बांधाची उंची गुडघाभर, म्हणून डोकं फुटलं नाही. आम्ही धावलो तेव्हा तिचे डोळे उघडे होते, पण ती आमच्याकडे बघत नव्हती. ओठ पांढरे पडले होते. मिनिटभराने म्हणाली, "काय नाय. अंधारी आली."

मग सगळ्या जणींनी कारणं सांगायला सुरुवात केली. एकीने पित्त म्हणून सांगितलं आणि डब्यातलं कोकमाचं आगळ पाण्यात घालून पाजलं. दुसरी म्हणाली, रिकाम्या पोटी चहा घेतला की असंच होतं. तिसरीने ऊन ठरवलं आणि डोक्यावर ओला टॉवेल ठेवला. चौथीच्या मते दृष्ट लागली होती, कारण हिचा हात सगळ्यांत चलाख आणि वाडीत डोळे वाईट. वाडीतली सगळ्यांत फटकळ बाई बांधावर बसून म्हणाली, "गणपतीला नवरा येऊन गेलाय ना गो हिचा? मग गोड बातमी असंल. बेचाळीसला काय होत नाय?" सगळ्या हसल्या. जाऊसुद्धा हसली. मीही हसले, ते मी लपवत नाही.

खरं सांगायचं तर यातलं प्रत्येक कारण कोणाला ना कोणाला लागू पडतं. उन्हात वाकून काम करणारी बाई झटकन उठली की डोळ्यांपुढे अंधारी येते. न खाता आलेलीला येते. पाणी न प्यालेलीला तर हमखास येते, आणि आमच्यातली एकही जण सकाळपासून पाणी प्यायली नव्हती. उघड्या खाचरात बसायला आडोसा नाही. पुरुष बांधाच्या पलीकडे तोंड फिरवून उभे राहतात. आम्ही घरून निघताना जाऊन येतो आणि दुपारपर्यंत तोंड कोरडं ठेवतो. इतकी वर्षं आम्ही हे शहाणपण म्हणून एकमेकींना शिकवत आलो.

ती दहा मिनिटांनी उठली आणि पुन्हा भाऱ्याकडे निघाली. मी दंड धरला तर हात बर्फासारखा गार. ऑक्टोबरच्या उन्हात तीन तास कापणी केलेल्या बाईचा हात गार कसा, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला. आठवड्यापूर्वी मी तिला स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून उभी असताना पाहिलं होतं. विहिरीवरून येताना ती दोनदा घागर खाली ठेवते हेही पाहिलं होतं. मी काय केलं? म्हटलं, नुसत्या चहावर राहू नको, जरा खात जा. आणि कामाला लागले.

रिक्षा बोलावली. ती नको नको म्हणत होती. तिचं म्हणणं, आज आपल्या शेतात सगळ्या आल्यात आणि घरच्या दोघी निघून गेल्या तर लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोक कापतील. त्यांनी कापलंही, ते सांगायला हवं.

आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात एक डॉक्टरीण आहे, माझ्या मुलीच्या वयाची. तिने जाऊला खाटेवर झोपवलं, रक्तदाब बघितला, मग उभी करून पुन्हा बघितला. खाचरात सगळ्या बायका कारणं सांगत होत्या, ही विचारत होती. डोकं गरगरतं की डोळ्यांपुढे अंधार येतो? मान वळवल्यावर होतं की उठल्यावर? कानात आवाज येतो का? चढ चढताना धाप लागते? छातीत धडधडतं, दुखतं? साखर कधी तपासली? रक्तदाबाची, झोपेची, कसली गोळी चालू आहे? जाऊ उत्तरं देत होती. गरगरत नाही, अंधार येतो. चढावर धाप लागते. छाती धडधडते, दुखत नाही. गोळी कसलीच नाही.

डॉक्टरणीने तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. आत लाल असायला हवं ते कागदासारखं होतं. तिने नखं बघितली. मग विचारलं, "पाळी कशी आहे?"

"बरी आहे," जाऊ म्हणाली.

"शेवटची कधी आली?"

जाऊने माझ्याकडे बघितलं आणि मग भिंतीकडे तोंड केलं. मी बाहेर जायला उठले, म्हटलं माझ्यासमोर लाजत असेल. उठताना तिच्या साडीची मागची बाजू दिसली. तपकिरी डाग होता. तो मी सकाळी खाचरातही पाहिला होता आणि चिखल समजून सोडून दिला होता. ऑक्टोबरात त्या खाचरात चिखल नसतो. आम्ही पाणी कधीच सोडून दिलेलं होतं. बावन्न वर्षांच्या बाईला चिखल आणि रक्त यातला फरक कळला नाही असं मी म्हणू शकत नाही. मला बघायचंच नव्हतं.

मी परत बसले. म्हटलं, सांग.

तिने भिंतीकडे बघतच सांगितलं. गणपतीच्या वेळी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या होत्या. गणपती गेल्यावर गोळ्या थांबवल्या आणि जे सुरू झालं ते बारा दिवस थांबेना, गुठळ्या पडत होत्या. तेवढ्यात घट बसायची वेळ आली, म्हणून पुन्हा गोळ्या घेतल्या. अष्टमीला गोळ्या संपल्या. नवमीपासून पुन्हा जे सुरू आहे ते आजपर्यंत.

डॉक्टरणीने विचारलं, "या गोळ्या कोणी दिल्या?"

"मी," मी म्हटलं.

"तुम्हाला कोणी दिल्या?"

"मेडिकलवाल्याने. लांज्याला."

"चिठ्ठीवर?"

"चिठ्ठी कसली त्याला."

त्या पोरीने ते कागदावर लिहून घेतलं. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

ज्यांच्याकडे हे चालत नाही त्यांच्यासाठी सांगते. गणपतीला आमच्या घरी मुंबईहून वीस-बावीस माणसं येतात. घरात गणपती असताना जिची पाळी आली ती पडवीत बाजूला बसणार. स्वयंपाकघर नाही, देवघर नाही, पाण्याला हात नाही. मग बावीस माणसांचं रांधणार कोण, मोदक वळणार कोण? त्यासाठी गोळ्या असतात. मी स्वतः वीस वर्षं घेतल्या. माझी पाळी गेली आणि मी सुटले, तेव्हापासून जाऊच्या गोळ्या मी आणते. मेडिकलवाला एक शब्द विचारत नाही. किती दिवसांच्या, एवढंच विचारतो आणि वर्तमानपत्रात गुंडाळून देतो. श्रावण संपत आला की त्याच्या काउंटरवर आम्हा बायकांची रांग असते आणि कोणी कोणाच्या डोळ्यांत बघत नाही.

पुरुषांना हे माहीत नसतं असं कोणी म्हणू नये. माझा दीर दरवर्षी गणपतीच्या महिनाभर आधी फोन करतो. गाडीचं बुकिंग झाल्याचं सांगतो, मखर कसलं करायचं ते विचारतो आणि शेवटी बायकोला म्हणतो, तारीख बघून ठेव. तारीख म्हणजे काय ते दोघांनाही माहीत असतं. त्यापुढे त्याला काही माहीत करून घ्यायचं नसतं.

डॉक्टरणीने दर महिन्याचं विचारलं. तेव्हा कळलं की गेली तीन वर्षं तिला सात-आठ दिवस जास्तच जातं. बाहेर बसायच्या चार दिवसांनंतर ती न्हाऊन घरात येते आणि पुढचे तीन-चार दिवस लपवते. न लपवता सांगणार कोणाला? आठवडाभर बाहेर बसली तर भाकऱ्या मला एकटीला भाजाव्या लागतील, आणि मी त्यावरून बोलेन. तिने असं सांगितलं नाही. मीच ओळखलं, कारण मी खरंच बोलले असते.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सहाच्या खाली होतं. बाईच्या अंगात बाराच्या आसपास असावं लागतं. एवढ्या रक्तावर ती भारे उचलत होती. डॉक्टरीण म्हणाली, "नुसत्या गोळ्यांनी झालंय असं मी म्हणणार नाही. आत गाठ असू शकते, सोनोग्राफी करायला हवी. पण तीन वर्षं हे दिसायला हवं होतं, आणि गोळ्यांनी ते झाकून ठेवलं. तपासल्याशिवाय त्या द्यायच्याच नसतात." मग तिने रत्नागिरीला पाठवायची चिठ्ठी लिहिली. रक्त चढवायला लागणार होतं.

गाडी यायला पाऊण तास होता. जाऊ खाटेवर पडून होती. मी विचारलं, इतके दिवस मला का नाही सांगितलंस? मला वाटलं होतं ती म्हणेल, लाज वाटली. तिने दुसरंच सांगितलं.

"दसऱ्याला नवं मी आणलं, वैनी."

नवं म्हणजे शेतातल्या नव्या भाताच्या लोंब्या. दसऱ्याला त्या घरात आणून देवापुढे ठेवायच्या आणि दाराला बांधायच्या. आमच्याकडे ते घरच्या सुनेने आणायचं असतं. माझा गुडघा सुजला होता म्हणून या वर्षी मी तिला पाठवलं. तिला आदल्या दिवशीच सुरू झालं होतं. सांगितलं असतं तर सासूबाईंनी सणाच्या दिवशी घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून तिने सांगितलं नाही, नवं आणलं, देवापुढे ठेवलं, दाराला बांधलं. आणि दुसऱ्या दिवसापासून तिला अंधारी यायला लागली.

"मला वाटलं तेच भोवतंय," ती म्हणाली. "मग कोणाला सांगू? दवाखान्यात त्याला काय औषध असतं?"

म्हणजे बाईच्या अंगातलं रक्त संपत होतं आणि ती देवाची माफी मागत होती. घरातलं कोणी उठायच्या आत रोज पाच वाजता उठून, तुळशीपुढे उभी राहून. मला वाटायचं हिला भक्तीचा उमाळा आलाय. मी सासूबाईंना तसं म्हटलंही होतं.

मला इतका राग आला की मी दवाखान्याच्या पायरीवर जाऊन उभी राहिले. तिचा राग नव्हता. कोणाचा म्हणून सांगू? देवाला मी मधे आणणार नाही, त्याने गोळ्या मागितल्या नव्हत्या. राग होता तो आम्हाला शिकवून ठेवलेल्या गप्प बसण्याचा, आणि ते आमच्याकडून पुढच्या बाईपर्यंत पोचवणारी मीच होते. मी बारावी शिकलेली. बचत गटाची अध्यक्षीण. गावातल्या बायकांना लोहाच्या गोळ्या वाटायला अंगणवाडीताईंबरोबर घरोघर फिरलेली.

रत्नागिरीत पोचायला दोन वाजले. जिल्ह्याच्या इस्पितळात बायकांच्या वॉर्डात खाट मिळाली. सोनोग्राफीत गाठ निघाली, मोठ्या लिंबाएवढी. साधी गाठ दिसतेय म्हणाले, पण एक तपासणी अजून करून मग काय ते ठरवू. पाचच्या सुमारास रक्ताची पहिली पिशवी लावली. तासाभराने तिच्या ओठांना रंग यायला लागला तेव्हा मी पहिल्यांदा खाली बसले.

दिराला फोन केला. तो म्हणाला, वैनी, गणपतीला सुट्टी झाली, आता साहेब देणार नाही. मी म्हटलं, भावोजी, रात्रीच्या गाडीत बसा, नाहीतर साहेबाचा नंबर द्या, मी बोलते. तो गाडीत बसला.

मग सासूबाईंना फोन केला. त्या घरी एकट्या होत्या, शेजारीण त्यांच्याजवळ थांबली होती. मी काही झाकायचं नाही असं ठरवलं आणि सगळं सांगितलं. गणपतीपासूनचं, नवमीचं, दसऱ्याचं.

मग त्या म्हणाल्या, "नव्याला हात लावलान तिनं? मंग बरोबर. म्हणून असा झाला."

"नवमीपासून तुमची भाकरी रोज तीच भाजतेय, आई," मी म्हटलं. "पचली ना?"

मग म्हणाल्या, ते नवं दारावरून काढून नदीत सोडायला पाहिजे, घरात गोमूत्र शिंपडायला पाहिजे, देवळात गाऱ्हाणं घालायला पाहिजे. मी म्हटलं, घाला, पण गाऱ्हाणं तिला बरं वाटू दे म्हणून घाला. नवं काढायचं नाही. कोणी काढलं तर उरलेलं भात मी कापणार नाही आणि कोणाला कापू देणार नाही. सासूबाई मला तीस वर्षं ओळखतात. नवं काढलं नाही.

फोन ठेवण्याआधी त्यांनी विचारलं, "रगत कोनाचा चढवला?"

"माणसाचं," मी म्हटलं.

त्यांच्याबद्दल मला इथे वाईट लिहायचं नाही. त्यांनी स्वतः काय काय झाकलं असेल ते मला माहीत नाही, आणि मी कधी विचारलेलंही नाही. त्यांच्या वेळी गोळ्या नव्हत्या. पाळी आलेली बाई पडवीत बसायची आणि निदान चार दिवस तिला भारा उचलायला लागत नसे. आम्ही गोळ्या आणून तेवढाही आराम घालवला, वर त्याला सोय म्हटलं. हे मात्र त्यांना फोनवर सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं.

रात्री दुसरी पिशवी चढली. समोरच्या खाटेवर पूर्णगडकडची एक मुसलमान बाई होती, मुलीच्या बाळंतपणाला आलेली. तिने विचारलं, तुमच्या पेशंटला काय झालंय. मी नेहमीच्या सवयीने म्हणणार होते, अशक्तपणा. तोंड उघडलं आणि म्हटलं, पाळीत फार रक्त गेलं, आत गाठ आहे. माझा आवाज जरा मोठाच झाला असावा. वॉर्डातल्या दोघी-तिघी वळल्या. त्या बाईने आपल्या थर्मासमधला चहा माझ्या पेल्यात ओतला आणि आपल्या बहिणीचं सांगायला लागली.

सकाळी साडेसातला दीर आला. गाडीतून थेट आलेला, दाढी वाढलेली, हातात पिशवी. बायकोकडे बघून घाबरला, ते खरं. मग व्हरांड्यात मला बाजूला घेऊन हळूच विचारायला लागला की नक्की झालंय काय, आईने फोनवर काहीतरी दसऱ्याचं सांगितलं. मी त्याला त्याच्या प्रत्येक वर्षाच्या फोनसकट सगळं सांगितलं. तो खाली बघत होता. मग म्हणाला, "ते बायकांचं असतं ना, वैनी. आपल्याला काय कळतं त्यातलं."

नर्सने सांगितलं होतं की पॅड संपलेत, आणून ठेवा. मी पिशवीतून पैसे काढायला हात घातला आणि थांबले.

"भावोजी, इस्पितळाच्या दाराबाहेर मेडिकल आहे. तिथून पॅड आणा. मोठे, जास्त जातं त्यासाठीचे. दोन पाकिटं."

तो म्हणाला, तुम्ही जाता का, मी इथे थांबतो. मी म्हटलं, नाही, तुम्हीच जा. चिठ्ठी नेऊ नका, तोंडाने मागा. आणि त्याने कागदात गुंडाळून दिले तर कागद तिथेच ठेवून या.

तो गेला. पंधरा मिनिटांनी दोन पाकिटं तशीच हातात धरून आला. कान लाल झाले होते. ती त्याने मला द्यायला पुढे केली. मी घेतली नाही, खाटेकडे बोट दाखवलं. जाऊने हात पुढे करून ती घेतली. मग मी त्याला सोनोग्राफीचा कागद दाखवला, डॉक्टर फेरीला कधी येतात ते सांगितलं, काय काय विचारायचं ते त्याच कागदाच्या मागे लिहून दिलं, आणि तपासणी होऊन निकाल हातात येईपर्यंत मुंबईला जायचं नाही असं बजावलं. नदीकडचं कापून झालं तरी बाकीच्या खाचरांतलं भात पिकून उभं होतं, आणखी दोन दिवस राहिलं असतं तर दाणा खाली गळला असता. नऊची एसटी पकडून मी परत निघाले.